कोच टॉलिव्हरांचा प्रश्न

"रेगी, एमिल खेळेल ना?"

कोच टॉलिव्हरांनी मला हे विचारलं तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. मैदानामागच्या लाकडी शेडमध्ये तेरा खेळाडू कपडे बदलत होते. शेगडी धगधगत होती, ओल्या लोकरीचा आणि मालिशच्या तेलाचा वास कोंडला होता, आणि बाहेर कॉलेजचा बँड तीच तीच धून पुन्हा वाजवत होता. माझ्या एका हातात पाण्याची बादली होती, दुसऱ्या हातात पट्ट्यांची पिशवी.

मी एमिलकडे पाहिलं. तो बाकाच्या टोकाला बसून डाव्या बुटाची नाडी बांधत होता. ती त्यानं माझ्यासमोर दोनदा बांधली होती, दोनदा सोडली होती, आणि आता तिसऱ्यांदा बांधत होता.

"खेळेल, सर," मी म्हणालो.

कोचनी मान हलवली. अर्धवट उघड्या दारातून मैदानाचं फाटक दिसत होतं. तिथे कॉलेजचे डॉक्टर पेन गळ्याभोवती मफलर गुंडाळून, पाइप पेटवत उभे होते. कोचनी तिकडे एकदा पाहिलं, दार लावून घेतलं, आणि टाळी वाजवून ओरडले, "चला रे!"

हे १९०७ सालचं. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. एका संस्थानच्या शिष्यवृत्तीवर शेतीरसायन शिकायला मालवणहून निघून, दोन बोटी आणि चार आगगाड्या बदलून आयोवातल्या त्या लहानशा कॉलेजात पोचलो होतो. माझं आडनाव रेगे. तिथल्या लोकांच्या तोंडी ते रेगी झालं. पहिलं वर्षभर वसतिगृहात माझ्या खोलीत राहायला कुणी तयार नव्हतं. दुसऱ्या वर्षी एमिल कुचेरा आला. तो बोहेमियातून आलेल्या शेतकऱ्याचा मुलगा, खांदे बैलासारखे, इंग्रजी माझ्यापेक्षाही तुटकं. व्यवस्थापकानं विचारलं, हिंदू माणसाबरोबर राहशील का? तो म्हणाला, "घोरतो का?" नाही म्हटल्यावर त्यानं आपली ट्रंक आत ढकलली.

त्या खेळाला ते लोक फुटबॉल म्हणतात, पण त्यात पाय क्वचितच वापरतात. अकरा जण चेंडू पोटाशी धरून पुढे घुसतात आणि समोरचे अकरा जण त्यांना जमिनीवर आपटतात. त्या काळी डोक्याला चामड्याची टोपी घालणं भित्रेपणाचं समजत. दरवर्षी देशात कुठे ना कुठे मुलं मरत, वर्तमानपत्रांत त्यांची यादी येई, आणि पुढच्या शनिवारी मैदानं पुन्हा भरत.

एझ्रा टॉलिव्हर हे या खेळानंच घडवलेले गृहस्थ होते. कोळशाच्या खाणीतल्या मजुराचा हा मुलगा केवळ अंगातल्या ताकदीवर पूर्वेकडच्या एका मोठ्या कॉलेजात गेला. तिथे चार दात गेले, उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली, पण नाव झालं. मग वकिली करून पाहिली, ती जमली नाही. तेव्हापासून ते एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात, असे सात वर्षांत पाच ठिकाणी फिरले होते. दोन मोसम हरले की त्यांना निरोप मिळे. आमच्याकडे त्यांचा हा दुसरा मोसम होता, आणि पहिल्यात आम्ही एकच सामना जिंकलो होतो.

त्यांची माझी ओळख एका बोटामुळे झाली. सरावात एकाचं बोट उतरलं आणि मी कुंपणाशी उभा होतो. आमच्या गावच्या तालमीत वस्ताद उतरलेलं बोट कसं बसवायचे ते मी लहानपणी शंभरदा पाहिलं होतं. पुढे होऊन ओढलं आणि बसवलं. कोच माझ्याकडे बघतच राहिले. "उद्यापासून बादली तू धर," म्हणाले.

तिथून माझं सगळं पालटलं. मुलं मला डॉक म्हणू लागली. जेवणघरात ज्या टेबलाच्या कडेनं मी ताट घेऊन पुढे जात असे, त्या टेबलावर माझ्यासाठी जागा सरकवली जाऊ लागली. कोच हार्डवेअरच्या दुकानावरच्या एका खोलीत एकटेच राहत. रविवारी दुपारी मला बोलवून घेत आणि टेबलावर बावीस अक्रोड मांडून डाव समजावत. "हा इथून सुटला की तो तिथे उघडा पडतो. बघ. प्रत्येक फळीत एक जण कच्चा असतो. तो सापडला की झालं." ऑक्टोबरात त्यांनी कॉलेजचं अक्षर विणलेला, एरवी फक्त खेळाडूंना मिळणारा जाड स्वेटर माझ्या अंगावर फेकला. मी तो तीन दिवस अंगावरून काढला नाही.

आता एमिलचं सांगतो. शेवटच्या सामन्याआधीच्या शनिवारी त्याच्या कानशिलाला कुणाचा तरी गुडघा लागला. तो पडला, उठला, आणि खेळला. आम्ही जिंकलो. पण सोमवारी तो खोलीत पडदे ओढून बसला होता. उजेड टोचतो म्हणाला. मंगळवारी सकाळी खाल्लेलं सगळं ओकला. बुधवारी त्यानं मला आज वार कोणता ते तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारताना आधी विचारल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्या दिवशी त्याच्या बहिणीचं पत्र आलं होतं. ते त्यानं माझ्यापुढे धरलं.

"वाच."

"तुमच्या भाषेत आहे. मला कसं येणार?"

"मलाही येत नाहीये," तो म्हणाला. "अक्षरं पळतात."

"एमिल, पेनकडे चल. आत्ता."

"पेन मला घरी पाठवेल." त्यानं पत्राची घडी घालून उशीखाली ठेवली. "एकच सामना उरलाय. तो झाला की जातो. तू सांगशील तिथे जातो."

"कोचनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"नको बोलूस," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

आणि शनिवारी कोचनी विचारलं. खोटं बोलायचं असं मी ठरवून गेलो नव्हतो. पण त्या शेडमध्ये तेरा तोंडं माझ्याकडे वळली होती. एमिलशिवाय आम्ही तो सामना जिंकणं शक्य नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मी नाही म्हटलं असतं तर सोमवारी जेवणघरात ती जागा पुन्हा बंद झाली असती. इतकंच. याहून मोठं कारण मी आजवर शोधून पाहिलं, मला सापडलं नाही.

पूर्वार्धात एमिल चांगला खेळला. दोनदा चेंडू घेऊन तो फळी फोडून गेला आणि लोकांनी टोप्या उडवल्या. मला वाटलं, आपण उगाच घाबरलो होतो. उत्तरार्धात त्याला एकदा पाडलं. फार जोरात नव्हे; त्याहून वाईट आपटलेली मुलं मी रोज पाहत होतो. तो उठला. मग आपल्या फळीकडे न येता नदीच्या बाजूला चालू लागला. कुणीतरी हसलं. दहाबारा पावलं गेल्यावर तो खाली बसला, वाटेत दमलेला माणूस बसतो तसा, आणि मग आडवा झाला.

शेडचं दार बिजागऱ्यांतून काढून त्यावर त्याला डॉक्टर पेनच्या घरी नेलं. तो शुद्धीवर आला नाही. रविवारी सकाळी गावातली माणसं चर्चला निघालेली असताना त्याचा श्वास थांबला. पेननी हात धुतले आणि आमच्याकडे पाठ करूनच म्हणाले, "हा मार कालचा नाही. आठवडाभर आत रक्त झिरपत होतं. याची कुणालातरी कल्पना असणारच."

कोच खिडकीशी उभे होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

सोमवारी कॉलेजच्या अध्यक्षांच्या खोलीत चौकशी झाली. अध्यक्ष लेथम हे पाद्री होते, पांढऱ्या दाढीचे, मृदू बोलणारे. बाजूला तीन विश्वस्त होते. डॉक्टर पेन होते. एमिलचा खोलीतला सोबती म्हणून मलाही बोलावलं होतं. मी भिंतीजवळच्या खुर्चीवर बसलो होतो.

"मिस्टर टॉलिव्हर," अध्यक्ष म्हणाले, "या मुलाची तब्येत बरी नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"नाही."

"तुम्ही कुणाला विचारलं होतं?"

शेडमध्ये तेरा जणांनी तो प्रश्न ऐकला होता. त्यातला एक गेला होता. बाकीचे बारा जण बाहेरच्या बाकांवर बसले होते. कोच माझ्याकडे पाहत नव्हते. ते आपल्या वाकड्या बोटांकडे पाहत होते.

"नाही," ते म्हणाले. "मी कुणालाच विचारलं नाही. निर्णय माझा होता."

"म्हणजे डॉक्टर मैदानावर हजर असताना तुम्ही विचारायची तसदीही घेतली नाहीत?"

"नाही घेतली."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे वळून अगदी प्रेमानं विचारलं, "मिस्टर रेगी, तुम्हाला यात काही सांगायचंय?"

मी म्हणालो, "नाही, सर."

पाच मिनिटांत सगळं संपलं. टॉलिव्हरांना त्याच दिवसापासून काढून टाकण्यात आलं. बाहेरच्या बारा जणांना कुणी काही विचारलंच नाही.

संध्याकाळी कोच वसतिगृहाच्या दारात आले. "उद्या मी त्याला घरी घेऊन जातोय," म्हणाले. "तू चल. तो पत्रांतून तुझ्याबद्दल लिहायचा. त्या घरात ओळखीचं एक नाव तरी असावं."

मंगळवारी सकाळी आम्ही निघालो. शवपेटी मालाच्या डब्यात होती. आमच्या डब्यात आणखी कुणी नव्हतं. बाहेर कापणी झालेली मक्याची शेतं, करड्या आभाळाखाली मैलामैलांवर पसरलेली. तास गेला. शेवटी मला राहवलं नाही.

"सर, काल तुम्ही खोटं का बोललात?"

"कशाबद्दल?"

"तुम्ही मला विचारलं होतं. मी खेळेल म्हणालो. तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी तुला वाचवलं असं वाटतंय तुला?"

मला तसंच वाटत होतं. कालपासून त्या उपकाराखाली माझी मान खाली होती.

"पेन फाटकाशी उभा होता," ते म्हणाले. "वीस पावलांवर. हाक मारली असती तर आला असता. मग मी त्याला का नाही विचारलं?"

"सामना सुरू होत होता. घाईत..."

"घाई नव्हती. वीस मिनिटं होती." ते म्हणाले. "पेन नाही म्हणाला असता, रेगी. पोराचे हात बुटाच्या नाडीवर कसे चालले होते ते मीही पाहिलं होतं. मला होय म्हणणारा माणूस हवा होता. त्या शेडमध्ये कोण मला नाही म्हणू शकणार नाही हे मला ठाऊक होतं. तो स्वेटर तुझ्या अंगावर मीच घातला होता. कोण कुठे कच्चा आहे हे ओळखणं एवढाच माझा धंदा आहे. दुसरं काही मला येत नाही."

खरं सांगायचं तर हे ऐकून मला थोडं हायसंही वाटलं. म्हणजे मला फक्त वापरलं गेलं, एवढंच आहे, असं क्षणभर वाटलं. म्हणून मी विचारलं.

"आणि मी नाही म्हटलं असतं तर?"

कोच खिडकीबाहेर पाहू लागले.

"तर त्याला बाकावर बसवलं असतं," म्हणाले. "सगळ्यांसमोर तू नाही म्हटल्यावर मला खेळवता आलं नसतं. बसवलंच असतं." आणि टोपी मांडीवर फिरवत, "मला वाटतं, बसवलं असतं."

एमिलच्या गावचं स्टेशन आलं.

एमिलचे वडील घोडागाडी घेऊन आले होते. बुटके, रुंद, मिशा पिकलेल्या. त्यांच्यासोबत एमिलची बहीण बोझेना होती, सतरा वर्षांची, डोक्याला काळा रुमाल बांधलेली. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, तीच दुभाषी होती. आम्ही चौघांनी पेटी गाडीत चढवली. चार मैलांचा रस्ता थंडीनं दगडासारखा झाला होता, आणि प्रत्येक खड्ड्याला म्हातारा मागे हात नेऊन पेटी धरत होता.

घरापुढच्या अंगणात गाडी थांबली. आई दारात उभी होती, ती पुढे आली नाही. वडील खाली उतरले आणि कोचपुढे उभे राहून काहीतरी बोलले.

बोझेना म्हणाली, "बाबा विचारतात, तो आजारी होता. बुधवारी लिहिलेल्या चिठ्ठीत त्याचं अक्षर लहान मुलासारखं झालं होतं. अशा पोराला खेळायला कुणी पाठवलं?"

"मी," कोच म्हणाले.

तिनं सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा हलला नाही.

आणि तेव्हा, एक दिवस उशिरा, मला वाचा फुटली. "त्यांनी मला विचारलं होतं," मी म्हणालो. "तो आजारी आहे हे मला माहीत होतं. मी त्याच्याच खोलीत राहत होतो, मला सगळं माहीत होतं. तरी मी होय म्हटलं."

बोझेनानं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे एमिलसारखेच, फिकट राखाडी. वडिलांनी तिला काहीतरी विचारलं, बहुधा हा काय म्हणतोय असंच. ती चारपाच शब्दच बोलली. म्हातारा माझ्याजवळ आला. त्यानं आपला जड हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला.

मग कोचकडे वळून त्यानं रस्त्याकडे बोट दाखवलं. याचं भाषांतर करावं लागलं नाही.

कोच टॉलिव्हर टोपी हातात धरून चालत निघाले. गाडी कुणी देऊ केली नाही, आणि दिली असती तरी ते बसले नसते. मी त्यांना त्यानंतर पाहिलं नाही. कुठल्याही कॉलेजनं त्यांना पुन्हा ठेवलं नाही. नऊ वर्षांनी एका जुन्या सहाध्यायानं मला वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं. पश्चिमेकडच्या एका लाकूड कापायच्या गिरणीत ते कामगारांची हजेरी लिहीत असत, आणि तिथेच निमोनियानं गेले. चार ओळींची बातमी होती. त्यातल्या दोन एमिलबद्दल होत्या.

मी त्या घरात दोन दिवस राहिलो. बुधवारी दफन झालं. जमीन इतकी गोठली होती की शेजाऱ्यांनी आधी तिथे लाकडं पेटवून माती मऊ केली. दोन्ही दिवस आईनं मला जेवायला एमिलच्या खुर्चीवर बसवलं. तिला माझं नाव म्हणता येत होतं, त्याच्या पत्रांमुळे. ती माझ्या ताटात वाढायची, मी खातोय ना ते उभी राहून पाहायची, आणि आणखी वाढायची. मी जेवत होतो. समोर बोझेना बसलेली असे. ती माझ्याकडे पाहतही नसे.

गुरुवारी सकाळी मला स्टेशनवर सोडायला तीच आली. म्हातारा दारात येऊन मला मिठी मारून गेला. अर्धा रस्ता मागे पडला.

"त्या दिवशी तू वडिलांना काय सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही त्याचे मित्र होतात, म्हणून तुम्हाला नीट बोलता येत नाहीये, असं सांगितलं."

"खरं का नाही सांगितलंस?"

तिनं लगाम आखडता घेतला. "दोन दिवस आई चुलीजवळ गेली नव्हती, मिस्टर रेगी. तार आल्यापासून. तुम्ही आलात आणि तिनं पीठ मळायला घेतलं. एमिलच्या मित्राला खायला घालायचं म्हणून. मी तेव्हा सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं?"

मी अंगावरचा कोट ओढून घेतला.

"तुमच्याबद्दल चांगलं मनात ठेवीन असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "आणि पत्र लिहू नका. तुमची गाडी सुटली की मी घरी जाऊन सांगणार आहे. दोघांना. ते माझे आईबाप आहेत, त्यांच्यापासून मी हे ठेवून घेणार नाही."

"मी थांबतो," मी म्हणालो. "मी स्वतः सांगतो."

"तुमचं सांगून झालंय," बोझेना म्हणाली. "आता तुम्ही जा."

गाडी आली. मी चढलो. ती फलाटावर उभी राहिली, हात न हलवता, गाडी हलेपर्यंत. मग मी तिला वळून घोड्यांकडे जाताना पाहिलं.

चार मैल. त्या रस्त्यानं तासभर लागतो. मी घड्याळ काढून हातात धरलं. पाऊण तास झाला तेव्हा गाडी एका मोठ्या नदीच्या पुलावर होती. तास झाला तेव्हा पुन्हा शेतं लागली होती. तिकीट तपासनीस आला, मी तिकीट दाखवलं. सव्वा तास झाला. म्हणजे आता ती घरात शिरली असेल. रुमाल सोडला असेल. म्हातारा गोठ्यातून आत आला असेल, आईनं हात पुसले असतील, आणि दोघं तिच्यासमोर बसले असतील.

मी घड्याळ खिशात ठेवलं.